ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायला लागायचंय? मग भीमेच्या काठापासून सुरुवात करा

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट लागला आणि पुढच्या काही महिन्यांत "ऐतिहासिक कादंबरी वाचायचीय, कुठली घेऊ?" असं मला इतक्या जणांनी विचारलं, तेवढं आधीच्या दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यात कॉलेजची पोरं होती, बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका होते, शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात न लावलेली माझी मावसबहीणही होती. बहुतेकांचं पुढं जे झालं तेही सारखंच. उत्साहाच्या भरात हजार पानांचा ठोकळा घरी आला, साठ-सत्तर पानं झाली, मधे कुणाचं तरी लग्न आलं, आणि पुस्तक टीव्हीशेजारी आडवं पडलं ते पडलंच. यात वाचणाऱ्याचा दोष नाही. सुरुवात भलत्या जागेवरून झाली, एवढंच.

आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूला जमतो. आठवड्यात जे वाचलं ते एकमेकांना सांगायचं आणि नंतर चहा घ्यायचा, एवढाच कार्यक्रम. नवा माणूस आला की त्याला आम्ही काय सांगतो ते इथं सविस्तर लिहितोय. सोलापूरकराच्या मनात ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की रायगड येतो, शनिवारवाडा येतो, आणि हे सगळं दुसरीकडं कुठंतरी घडलं असं वाटून जातं. पण मराठ्यांच्या इतिहासातली काही मोठी वळणं आपल्या जिल्ह्यात, भीमेच्या नि माण नदीच्या काठावर आहेत. ती ज्यांच्या आयुष्यात आली त्या माणसांवर मराठीत दमदार कादंबऱ्या आहेत. आधी त्या धरा.

आधी आवड ओळखा

तुम्हाला नेमकं काय आवडतं हे पाच मिनिटं बसून ठरवा. लढाया आवडतात, दरबारातले डावपेच आवडतात, एखाद्या माणसाच्या मनात शिरायला आवडतं, की 'पुढं काय?' या ओढीनं पानं उलटायला आवडतात? आमच्या घोळक्यात सध्या काय चाललंय ते सांगतो, त्यावरून अंदाज येईल. दोघं विश्वास पाटलांच्या 'महासम्राट'मध्ये गुंतलेत. शिवरायांवरच्या या मालिकेचा 'झंझावात' हा पहिला खंड आहे. कॉलेजच्या पोरांना मुरलीधर खैरनारांची 'शोध' आणि प्रकाश कोयाडेंची 'प्रतिपश्चंद्र' यांनी वेड लावलंय. दोन्ही आजच्या काळात घडणाऱ्या रहस्यकथा, पण गाठ शिवकाळात बांधलेली. 'शोध'मध्ये सुरतेच्या लुटीतल्या हरवलेल्या खजिन्याचा माग आहे. एक मैत्रीण श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' तिसऱ्यांदा वाचतेय. आणि आमच्यातले सगळ्यात मुरलेले वाचक नंदा खरे यांच्या 'अंताजीची बखर'बद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत.

रहस्य आवडणाऱ्यानं 'शोध'पासून खुशाल सुरुवात करावी. वाचनाची सवय मोडलेली असेल तर तिच्यासारखं औषध नाही. बाकीच्यांनी पुढं वाचा.

पहिलं पुस्तक

माझं उत्तर ठरलेलं आहे: रणजित देसाईंची 'स्वामी'. १९६२ ची कादंबरी, पण भाषा आजही अडत नाही. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाईवर बसलेला माधवराव, घरात राघोबादादांसारखा चुलता, दारात निजाम आणि हैदर, आणि आतून शरीर पोखरणारा क्षय. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला तो गेला तेव्हा वय अवघं सत्तावीस. पात्रं मोजकी, काळ अकरा वर्षांचा आणि माणूस एक, त्यामुळं नवख्याला धागा सुटत नाही.

लगेच त्यामागं विश्वास पाटलांची 'पानिपत' घ्या. काळाच्या हिशेबानं ती आधी येते, पण वाचायला नंतर बरी. 'स्वामी'मध्ये जो घाव सगळ्यांच्या बोलण्यात सारखा डोकावतो, तो कसा बसला हे कळायला तुम्ही तोवर उतावीळ झालेले असता. माझ्या मावसबहिणीनं हा क्रम पाळला. 'पानिपत' तिनं नऊ दिवसांत संपवली, तीही मुलाच्या परीक्षा चालू असताना.

'श्रीमान योगी' मात्र पहिल्याच खेपेला घेऊ नका. मला ती प्राणप्रिय आहे, म्हणूनच सांगतो. हजारावर पानं, शेकडो माणसं, आणि ओळख नसताना ती सगळी एकदम अंगावर येतात. चार कादंबऱ्या पचल्या की घ्या, आणि घ्याल तेव्हा सुरुवातीला छापलेलं नरहर कुरुंदकरांचं लेखन गाळू नका. शिवाजी महाराजांकडं भक्ताच्या आणि अभ्यासकाच्या नजरेनं एकाच वेळी कसं बघायचं, हे त्या पानांत शिकायला मिळतं.

'छावा'चंही जवळपास तसंच. चित्रपट बघून आलेल्या माणसाला तोच वेग पुस्तकात हवा असतो. शिवाजी सावंतांची भाषा भरजरी आहे, ती सावकाश चालते. तिसरं किंवा चौथं पुस्तक म्हणून हातात घेतलंत तर ती भाषाच तुम्हाला ओढून नेईल.

सोलापूरकरांचा खास रस्ता

आता मुद्द्यावर येतो. 'स्वामी' आणि 'पानिपत' झाल्यावर ना. सं. इनामदारांच्या तीन कादंबऱ्या या क्रमानं वाचा: 'शहेनशाह', 'झेप', 'मंत्रावेगळा'. तिन्हींचे नायक बघा. औरंगजेब, त्रिंबकजी डेंगळे आणि दुसरा बाजीराव. शाळेच्या पुस्तकात हे तिघंही दोषी म्हणून उभे असतात. इनामदार त्यांना निर्दोष ठरवायला बसत नाहीत, त्यांच्या अंगातून जग कसं दिसत असेल ते दाखवतात. नवख्या वाचकाला ऐतिहासिक कादंबरीची खरी ताकद इथं कळते. आणि या तिघांच्याही आयुष्यातला एकेक कठीण प्रसंग आपल्या जिल्ह्यातला आहे.

'शहेनशाह' वाचताना हे डोक्यात ठेवा: विजापूर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा पुढच्या वर्षी, १६८९ मध्ये संभाजीराजांना मारलं, तरी मराठे संपेनात. मग पंचाहत्तरी ओलांडलेल्या या बादशहानं १६९५ मध्ये मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला भीमेच्या काठावर तळ टाकला आणि १६९९ पर्यंत तो तिथंच होता. गावाचं नाव बदलून इस्लामपुरी केलं. हिंदुस्थानचा कारभार चार वर्षं आपल्या भीमेकाठच्या तंबूंतून चालला! नदीला पूर आला तेव्हा त्या छावणीची दैना झाली. भीमेचा पूर आपण बघितलेला आहे, त्यामुळं हे वाक्य आपल्याला पुणेकरापेक्षा जास्त कळतं. १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरला तळ असताना रात्री पुराचं पाणी छावणीत शिरलं. त्या धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला. पूर्वज तैमूरही लंगडा होता, तेव्हा हा वारसाच म्हणायचा, अशी दरबाऱ्यांनी त्याची समजूत घातली. सांगोल्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी विश्वासच ठेवत नाही.

ब्रह्मपुरीच्या त्या छावणीत येसूबाई आणि शाहू कैदेत होते. तेरा ते सतरा या वयातला शाहू आपल्याकडं वाढला, असंही म्हणता येईल. आणि त्याच सुमारास तिकडं दूर जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, कृष्णाजी अनंत सभासद शिवरायांची बखर लिहीत होता. एक मुठीएवढं पुस्तक आहे ते. 'शहेनशाह' संपल्यावर दोन दिवसांत वाचून होतं.

'झेप'साठी पंढरपूर. जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशव्यांबरोबर पंढरीला आले होते. इंग्रजांनी त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतली होती. रात्री देवळातून परतताना त्यांचा खून झाला. ठपका आला बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजींवर. इंग्रजांनी त्यांना मागून घेतलं, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, आणि १८१६ मध्ये ते तिथून निसटले. पेशवाईचा शेवट ज्या ठिणगीनं जवळ आला, ती पंढरपूरच्या गल्लीत पडली. वारीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

'मंत्रावेगळा'साठी आष्टी. बीडची नव्हे, आपल्या जिल्ह्यातली. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज घोडदळानं बाजीरावाला इथं गाठलं. सेनापती बापू गोखले लढता लढता पडले, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, आणि बाजीराव निसटला. मे महिन्यात जनरल मन्रोनं सोलापूरच्या भुईकोटाला वेढा घालून तो घेतला. जूनच्या ३ तारखेला बाजीराव शरण आला. म्हणजे आपण ज्या किल्ल्यातल्या बागेत पोरांना खेळायला नेतो, तो पेशवाईच्या अगदी शेवटच्या लढायांपैकी एकीचा साक्षी आहे.

याच किल्ल्याचं आणखी एक सांगून टाकतो. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा निजामशाहीनं हा किल्ला आंदण म्हणून दिला होता. पाठोपाठ १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकजूट करून विजयनगर बुडवलं. त्या विजयनगरच्या शेवटावर हरि नारायण आपट्यांची 'वज्राघात' आहे. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, वाक्यं लांब, पण जुन्या मराठीची चव घ्यायची असेल तर हीच घ्या.

नावांचा गुंता सोडवा

नवा वाचक कुठं हरतो म्हणाल तर नावांत. 'पानिपत'मध्ये एकाच पानावर भाऊसाहेब, नानासाहेब, दादासाहेब येतात आणि कोण कुणाचा कोण हे कळेनासं होतं. यावर उपाय सोपा आहे. एक कोरा कागद घ्या, मधे दुमडा आणि पुस्तकाच्या शेवटी ठेवा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर त्यावर पेन चालवू नका, सुटा कागदच बरा.

कागदावर वरती लिहा: बाळाजी विश्वनाथ. त्याखाली दोन मुलगे, बाजीराव म्हणजे राऊ आणि चिमाजी म्हणजे अप्पा. बाजीरावाखाली बाळाजी म्हणजे नानासाहेब आणि रघुनाथराव म्हणजे दादासाहेब ऊर्फ राघोबा. मस्तानीपासूनचा समशेरबहादूरही याच रांगेत. चिमाजीखाली सदाशिवराव, तेच भाऊसाहेब. नानासाहेबांखाली विश्वासराव, माधवराव, नारायणराव. झालं. एवढ्या चार ओळींत 'राऊ', 'पानिपत', 'स्वामी' आणि भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंवरची 'शिकस्त' या चारही कादंबऱ्यांचं घर उभं राहतं. माझा असा एक कागद अकरा वर्षांपूर्वीचा आहे, घडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावलीय, पण अजून तोच वापरतो. प्रत्येक नव्या कादंबरीत त्यावर एखाद-दुसरं नाव वाढतं.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला नकाशा काढा. चित्रकला लागत नाही. नर्मदा, गोदावरी, भीमा, कृष्णा अशा चार आडव्या रेघा ओढा आणि कादंबरीत गाव आलं की टिंब द्या. फौज दख्खनमधून निघून पानिपताला पोचेपर्यंत ही टिंबं जोडत गेलात, की रसद का तुटली हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

अडलेले शब्द

दर शब्दाला थांबून अर्थ शोधू नका. दहा-बारा शब्द पक्के केले तरी गाडी चालू लागते. 'शिलेदार' म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला स्वार. 'बारगीर' म्हणजे ज्याचा घोडा सरकारचा. एवढा फरक कळला तरी फौजेतला मान-अपमान कळायला लागतो. 'हुजुरात' म्हणजे धन्याची स्वतःची खास फौज. 'बुणगे' म्हणजे फौजेबरोबर चालणारी लढाऊ नसलेली माणसं, बायकापोरं, बाजार, यात्रेकरू. पानिपताची शोकांतिका समजायला हा एक शब्द फार महत्त्वाचा. 'चौथ' म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, 'सरदेशमुखी' म्हणजे दहावा.

या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहे. आमच्याकडं अशोक चौकातला एक मुलगा येतो. घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी. 'हरकारा' या शब्दावर तो अडला होता. शेजारी बसलेल्या चाचांची घरची बोली उर्दू. ते म्हणाले, "अरे बेटा, हर कारा! हर काम करणारा. निरोप पोचवायचा, खबर आणायची, सगळं." मुलगा खुदकन हसला आणि त्यानंतर खलिता, फर्मान, तह, मुलूख असले शब्द आले की आधी चाचांकडं बघायला लागला. मराठी बखरींची भाषा फारसी शब्दांनी भरलेली आहे आणि आपल्या शहरात तिचे कान अजून जिवंत आहेत. त्याचा फायदा घ्या. 'अंताजीची बखर' वाचाल तेव्हा तर हे फार उपयोगी पडेल. बंगालवरच्या मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि प्लासीची लढाई एका कल्पित, धूर्त, सामान्य माणसाच्या तोंडून सांगितलेली ती कादंबरी आहे आणि भाषा मुद्दाम बखरीच्या वळणाची ठेवलीय. पहिली वीस पानं जड जातात. नंतर आपणही मनातल्या मनात त्याच भाषेत बोलायला लागतो.

कादंबरी आणि इतिहास वेगळे ठेवा

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे. कादंबरीत वाचलेलं खरंच घडलं असं धरून लोक एकमेकांशी भांडतात, मोबाइलवरून पुढं पाठवतात, आणि त्यात लेखकाचंही नुकसान होतं आणि इतिहासाचंही. माधवराव आणि रमाबाई रात्री एकांतात काय बोलले हे कुणीही टिपून ठेवलेलं नाही. ते देसाईंनी रचलंय, आणि त्यातच त्यांचं मोठेपण आहे.

आम्ही त्याच कागदावर तीन खुणा करतो. पान क्रमांक लिहून, ठाऊक असलेली घटना असेल तर टिंब. लेखकाची कल्पना दिसत असेल तर गोल. शंका आली तर प्रश्नचिन्ह. पुस्तक संपल्यावर फक्त प्रश्नचिन्हं तपासायची. पहिल्या पुस्तकात पाच-सहाच निघतात, पुढं वाढत जातात.

एक प्रश्नचिन्ह कसं सुटलं ते सांगतो. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. आपल्याकडं त्या तारखेला सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो, नंदीध्वज निघालेले असतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं रस्त्यानं चाललेली असतात. 'मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळं लढाई संक्रांतीच्याच दिवशी झाली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग आमच्यातल्या एकीनं शंका काढली: विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो संक्रांतीचा दिवस होता असं सांगतात, मग संक्रांत नेहमी १४ लाच कशी? शोधल्यावर कळलं की संक्रांत सत्तर-बहात्तर वर्षांत एखाद्या दिवसानं पुढं सरकते. १८६३ मध्ये १२ ला, तर १७६१ मध्ये त्याच्याही आधी, १० तारखेच्या आसपास. पानिपतच्या दिवशीची तिथी पौष शुद्ध अष्टमी. म्हणजे सण होऊन गेला होता. उपाशी फौजेनं तो कसा काढला असेल, हे त्या रविवारी सगळ्यांच्याच मनात आलं आणि चहा तसाच थंड झाला. वाक्प्रचार खोटा ठरला असं मी म्हणणार नाही, तो दुःखाचा आहे. पण दिनांक तपासला म्हणून तो दिवस आम्हाला जास्त जवळून दिसला.

तपासायला कुठली पुस्तकं? पानिपतासाठी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१'. संभाजीराजांसाठी वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आणि कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी'. बेंद्रे यांचा ग्रंथ १९६० चा. त्याआधीच्या नाटकांतून संभाजीराजांचं जे बदफैली चित्र उभं केलं जायचं, ते कागदपत्रांच्या आधारे त्यांनी खोडलं. 'छावा' कादंबरी १९७९ ची आहे, हा क्रम लक्षात ठेवा. कादंबरीकार ज्या जमिनीवर उभा राहतो ती आधी संशोधकानं नांगरलेली असते, आणि त्या संशोधकाचं नाव मात्र कुणाला आठवत नाही. हे ग्रंथ सलग वाचायची सक्ती नाही. शेवटची सूची उघडा, नाव शोधा, तेवढी चार पानं वाचा.

पुस्तकं मिळवायची कशी

विकत घ्यायची घाई करू नका. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं किंवा घराजवळच्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हा. अनामत आणि वर्गणी भरली की झालं. काउंटरवरच्या माणसाला एकच नाव सांगून "नाही" ऐकून परत येऊ नका. "उत्तर पेशवाईवरचं काहीही द्या" असं काळ सांगून मागा. ते असं काही काढून देतात की आपण कधी ऐकलेलंही नसतं. गो. नी. दांडेकरांच्या 'कादंबरीमय शिवकाल'मधल्या पाचही कादंबऱ्या मला अशाच मिळाल्या. 'झुंजार माची'पासून सुरुवात केली आणि मावळातला पाऊस अंगावर आल्यासारखं झालं. ज्यांना लहान कादंबरी हवी, त्यांनी यातली कुठलीही एक उचलावी.

दोनदा वाचावंसं वाटलं तरच ते पुस्तक विकत घ्या, आणि घ्याल तेव्हा नीट दुकानातून घ्या. मी एकदा रस्त्याकडेला निम्म्या किमतीत 'पानिपत' घेतली होती. लढाई ऐन रंगात आली आणि सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब; त्याच्या जागी आधीचाच फर्मा पुन्हा शिवलेला. विश्वासराव पडतो ते पानच माझ्या पुस्तकात नव्हतं. तेव्हा हातात घेतल्यावर कागद फार पातळ लागला, अक्षरं फिकट किंवा फुटकी दिसली, मुखपृष्ठाचा रंग पाणचट वाटला, तर ठेवून द्या. लेखकाच्या कुटुंबाला त्यातला एक पैसाही जात नाही.

हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये आणि नाथमाधव १९२८ मध्ये गेले. त्यांचं लेखन आता स्वामित्वहक्कातून मोकळं आहे, त्यामुळं त्यांच्या कादंबऱ्यांच्या जुन्या आवृत्त्या मोफत उतरवून घेण्यात काही गैर नाही. हयात किंवा अलीकडच्या लेखकांच्या पीडीएफ फिरतात, त्या मात्र घेऊ नका आणि पुढंही पाठवू नका. डोळ्यांचा त्रास असेल तर स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात. शेजारचे काका पुण्याला मुलाकडं जाता-येता हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कानाला लावून बसतात. जाता चार तास, येता चार तास, महिन्यात दोन खेपा. तेवढ्यावर त्यांच्या कादंबऱ्या होताहेत.

एकदा तिथं जाऊन या

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा बाहेर पडायचा काळ. मार्चनंतर उन्हात किल्ला बघणं म्हणजे शिक्षाच. मंगळवेढ्याच्या रस्त्यानं तासाभरात माचणूर येतं. नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि त्याला लागूनच औरंगजेबाच्या काळातला किल्ला. 'शहेनशाह' वाचून झाल्यावरच जा, आधी नको. नुसतं बघायला गेलात तर पडकी तटबंदी आणि झाडोरा दिसेल.

नळदुर्ग आपल्या जिल्ह्याबाहेर, पण पाऊण-एक तासाचाच रस्ता. बोरी नदी अडवून बांधाच्या पोटात केलेला पाणी महाल बघायचा असेल तर चांगला पाऊस झाल्यावर जा, वरून पाणी पडत असतं आणि आपण आत कोरडे उभे. विजापूर शंभरेक किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी परत. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला आपण जातोच, तेव्हा तासभर राजघराण्याच्या शस्त्रागारासाठी ठेवा. त्या घराण्याचा मूळपुरुष फत्तेसिंह. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून येताना शाहू महाराजांना पारद गावी विरोध झाला. गावचा पाटील पडल्यावर त्याच्या बायकोनं आपलं पोर शाहूंच्या पायावर घातलं, आणि शाहूंनी ते स्वतःचं म्हणून वाढवलं. शाहू स्वतःच ब्रह्मपुरीच्या छावणीत बाप गमावलेलं पोर म्हणून वाढलेले. अक्कलकोटच्या त्या तलवारी बघताना मला दरवेळी हेच आठवतं.

मागच्या जानेवारीत आम्ही सहा जण माचणूरला गेलो होतो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. जेवण झाल्यावर घाटाच्या पायरीवर बसून अशोक चौकातल्या त्या मुलानं 'शहेनशाह'मधलं एक पान मोठ्यानं वाचलं. कुठं अडला नाही. वाचून झाल्यावर त्यानं खिशातून स्वतःचा घडी घातलेला कागद काढला, चार आडव्या रेघांतली भीमा शोधली आणि तिच्यावर एक टिंब दिलं. मग थोडा वेळ नदीकडं बघत बसला आणि म्हणाला, "आता 'झेप' कुणाकडं आहे?"